दारूला पर्याय हवाच, पण तो गांजाच्या कॅनमध्ये शोधू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पुण्यातल्या तरुण मंडळींत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कॅनडा-अमेरिकेत दारूऐवजी गांजाचा अर्क घातलेली सोड्यासारखी पेये मिळतात, मग ती इथे का मिळू नयेत? परदेशात शिकायला गेलेल्या भावंडांकडून रंगीत कॅनचे फोटो येतात, 'हँगओव्हर नाही, कॅलरी कमी' असे त्यांवर लिहिलेले असते आणि दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला ते पटतेही. आम्ही पेयनिर्मितीच्या तंत्रात काम करणारे आहोत. या प्रश्नामागची गरज खरी आहे असे आम्हाला वाटते, पण त्याचे हे उत्तर पुण्यासाठी चुकीचे आहे. ते का, आणि बरोबर उत्तर कसे करायचे, हे तपशिलाने सांगण्यासाठी हे पत्र.

आधी त्या कॅनमध्ये असते काय ते पाहू. पाणी, कार्बन डायऑक्साइड, लिंबासारखा एखादा स्वाद, सायट्रिक आम्ल, थोडी साखर आणि टीएचसी. गांजातला नशा आणणारा घटक तो हाच. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१९ पासून अशा पेयांना कायद्याने जागा दिली आणि एका कॅनमध्ये जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी ही मर्यादा घातली. अमेरिकेत मात्र हा माल पळवाटेने बाजारात आला. तिथल्या २०१८ च्या शेती कायद्याने, कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त डेल्टा-९ टीएचसी नसलेल्या झाडाला 'हेम्प' म्हणून मोकळीक दिली. पण भरलेला ३५५ मिलिलिटरचा कॅन म्हणजे साडेतीनशे ग्रॅम वजन आणि त्याचे ०.३ टक्के म्हणजे एक ग्रॅमहून जास्त. नशेला पाच-दहा मिलिग्रॅम पुरतात. त्यामुळे टक्केवारी पाळूनही नशेचे पेय उघडपणे विकता येऊ लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही फट बुजवणारा कायदा केला. एका डब्यात एकूण ०.४ मिलिग्रॅम ही त्यातली मर्यादा आणि अंमल वर्षभरानंतर. म्हणजे ज्या देशाचा दाखला आपल्याकडे दिला जातो, त्याच देशाने हात आखडता घेतला आहे.

हे पेय बनवणे वाटते तितके सोपेही नाही. टीएचसी तेलात विरघळते, पाण्यात नाही. नुसते पाण्यात टाकले तर तेलाचा तवंग वर येतो आणि पहिल्याच घोटात सगळी मात्रा पोटात जाते. म्हणून कारखान्यात त्या तेलाचे थेंब शंभर नॅनोमीटरच्या आत आणावे लागतात आणि ते पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बाभळीचा डिंक किंवा प्रक्रिया केलेला स्टार्च असे काही वापरावे लागते. इतके करूनही आंबट पाण्यात, वायूच्या दाबाखाली, महिनोन्‌महिने ते थेंब तसेच राहतील याची खात्री नसते. ते एकत्र येऊ लागले की काचेच्या बाटलीत मानेशी फिकट तेलकट कडे दिसते. कॅन असेल तर तेही दिसत नाही. अल्युमिनियमच्या कॅनला आतून जो प्लास्टिकचा पातळ थर असतो तो हे तेल ओढून घेतो, हा या उद्योगाचा जुना डोकेदुखीचा विषय आहे. भरताना १० मिलिग्रॅम घातले तरी काही आठवड्यांनी पेयात त्याहून कमी उरते. प्रयोगशाळा हाताशी असलेल्या कारखान्यांची ही कथा. मग इथे कुणी ओळखीतून 'घरी केलेला' गांजाचा सोडा देऊ लागला तर त्या पेल्यात किती टीएचसी आहे हे करणाऱ्यालाही ठाऊक नसते, एवढे लक्षात ठेवावे.

भांगेच्या थंडाईची गोष्ट याहून वेगळी नाही. पाने कुठल्या झाडाची, किती जुनी, त्यांत फुलोरा किती मिसळला यावर ताकद बदलते. दूध आणि बदामातली चरबी टीएचसी ओढून घेते आणि ढवळले नाही तर पातेल्यातला वरचा पेला आणि तळचा पेला एकसारखे नसतात. त्यात पोटातून जाणारा टीएचसी आधी यकृतात जातो आणि तिथे त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी बनते. तेही मेंदूवर चांगलेच चढते. परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. बहुतेक जण इथेच फसतात. पाऊण तासात काही वाटले नाही म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही एकदम अंगावर येतात. थेंब बारीक केलेल्या कॅनमध्ये हा वेळ पंधरा-वीस मिनिटांवर येतो असे सांगितले जाते, पण भरल्या पोटी आणि रिकाम्या पोटी त्यात फरक पडतोच. सोबत बिअर घेतली तर रक्तातले टीएचसीचे प्रमाण आणखी चढते. दारूला पर्याय म्हणून आणलेली वस्तू प्रत्यक्षात दारूसोबत घेतली जाते, तेव्हा धोका बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो.

आता उन्हाळा. टीएचसीने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि बसलेला माणूस उठला की रक्तदाब झपकन खाली येतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, अंगातले पाणी घामावाटे आधीच गेलेले असते. अशा वेळी गच्चीवरून उठून जिन्याकडे निघालेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साधी गोष्ट राहत नाही. 'उन्हाळ्यासाठी हलके पेय' ही जाहिरात आम्हाला म्हणूनच सर्वांत चुकीची वाटते. कुणाला असा त्रास झालाच तर त्याला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यावे, एकटे सोडू नये. लिंबू चोखायला देऊन किंवा ताक पाजून नशा उतरेल या भरवशावर राहू नये आणि बोट घालून उलटी तर मुळीच काढू नये. छातीत दुखणे, बेशुद्धी, झटके किंवा थांबत नसलेल्या उलट्या यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे.

कायद्याबद्दल पुण्यात अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून तेही सांगतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याचा चीक. या दोहोंपासून केलेले मिश्रण आणि पेय, दोन्ही त्याच व्याख्येत येतात. फुलोऱ्याविना नुसती पाने त्या व्याख्येतून वगळली आहेत, हे खरे. पण 'म्हणजे भांग चालते' हा पुढचा निष्कर्ष महाराष्ट्रात चालत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार इथे परवान्याशिवाय भांग बाळगणे, बनवणे वा घेणे गुन्हा आहे. 'कॅनमध्ये दहाच मिलिग्रॅम आहेत' हा बचावही तोकडा पडेल. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग खटल्यात सांगितले की, मिश्रणातल्या शुद्ध अमली पदार्थाचे तेवढे वजन धरायचे नाही, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचे धरायचे. टोरांटोहून येताना बॅगेत टाकलेला कॅन आठवण म्हणून आणलेली वस्तू ठरत नाही, तो अमली पदार्थाची आयात ठरतो. कॅनडाच्या कायद्यालाही तो देशाबाहेर नेलेला चालत नाही.

मग दुकानात आणि ऑनलाइन 'हेम्प' लिहिलेल्या वस्तू कशा मिळतात? देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२१ मध्ये भांगेच्या झाडाचे बी, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली. बियांत नशा नसते. बियांचे दूध किंवा बियांची पूड घातलेले सरबत नशा देणार नाही आणि 'मन शांत' करण्याचा दावा त्यावर कुणी केला तर तो खोटा समजावा. पानांचा अर्क असलेली 'विजया'ची आयुर्वेदिक औषधे हा तिसराच प्रकार. ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायची औषधे आहेत, पार्टीतली पेये नव्हेत. आणि गाडीविषयी: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पण त्याच कलमात अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवणेही येते. दीर्घकाळ वापर असेल तर टीएचसीचे अंश लघवीच्या तपासणीत काही आठवडेही दिसू शकतात. नोकरीपूर्वी तपासणी करणाऱ्या कंपन्यांत जाणाऱ्यांनी हे जाणून असावे.

एवढा नकार दिल्यावर होकार द्यायला हवा, नाहीतर या पत्राला अर्थ नाही.

संध्याकाळी दारू पिणाऱ्याला नेमके काय हवे असते? तहान भागवायची असेल तर ताक आहे, शहाळे आहे, माठातले पाणी आहे. पण ताक दोन घोटांत संपते. दारूचा पेला तासभर पुरतो, कारण त्याला झोंबरेपणा आहे, कडवटपणा आहे, तो गटागट पिता येत नाही. मित्र बोलत बसलेले असताना हातात तसा पेला नसला की माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. आपल्याकडच्या बिनदारूच्या पेयांची खोट इथेच आहे: ती सगळी गोड असतात. हॉटेलात मॉकटेल मागावे तर निळ्या किंवा लाल सिरपचा सोडा समोर येतो. बाजारच्या अशा सिरपमध्ये वजनाने सुमारे ६५ टक्के साखर असते. ३० मिलिलिटरच्या एका मापात २५ ग्रॅमच्या आसपास साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगितले आहे. दोन माप घातलेल्या एकाच पेल्यात दिवसाचा कोटा संपतो, आणि जीभ विटते म्हणून दुसरा पेला कुणी मागवत नाही.

पर्यायी पेयात चार गोष्टी लागतात: आंबट, कडू, तुरट आणि झणका. गोडी फक्त त्यांना बांधून ठेवण्यापुरती. या चारही गोष्टी आपल्या मंडईत आणि रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. पण सगळ्याच्या आधी सोडा नीट हवा, कारण बहुतेक घरगुती पेये तिथेच बिघडतात.

वायू थंड पाण्यातच विरघळतो. सारख्याच दाबाला ५ अंशांच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या निम्म्याहून थोडा कमीच ३० अंशांच्या पाण्यात मावतो. म्हणून ओट्यावरची कोमट सोड्याची बाटली उघडून त्यात बर्फ घालणे ही चूक आहे. झाकण उघडताच वायू उडतो आणि बर्फाने पेय थंड होईपर्यंत ते शिळे झालेले असते. बाटली किमान सहा तास फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावी, दारातल्या कप्प्यात नको. पेलाही थंड असावा. फ्रीझरमधून काढलेल्या बर्फावर पांढरी भुकटी असते तिच्यावर सोड्याचे बुडबुडे झपाट्याने फुटतात, म्हणून बर्फ आधी पाण्याने विसळून ते पाणी फेकून द्यावे. मग अर्क, मग बर्फ, शेवटी पेला तिरपा धरून कडेने सोडा. चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचलावा, ढवळू नये. मीठ कधीही वरून भुरभुरू नये. दाणे पडताच सोडा उसळून सांडतो आणि पेल्यात उरते ते खारट पाणी. मीठ अर्कातच विरघळलेले असावे. गाडीवरचा चांगला सोडावालाही लिंबू-मीठ आधी पेल्यात घेतो आणि सोडा नंतर ओततो.

विकतच्या सोड्याचे घटक वाचा. सोडियम बायकार्बोनेट असेल तर ते आम्ल मारते आणि कोकम-लिंबाचा आंबटपणा बोथट होतो, साधे कार्बोनेटेड पाणी घ्यावे. घरी सोडा करण्याचे यंत्र असेल तर त्यात फक्त साधे थंड पाणीच भरावे, खुणेपर्यंतच. सरबत भरले तर साखर आणि गराने फेस होऊन तो नळीत शिरतो आणि यंत्र तुंबते. कळ लांब दाबण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने तीन-चारदा दाबावी. यंत्राच्या प्लास्टिक बाटलीवर वापराची मुदत छापलेली असते. ती पाळावी आणि ती बाटली कढत पाण्याने धुऊ नये, दाबाखाली तडकते. सिलिंडर खाद्य दर्जाच्या वायूनेच भरलेला हवा, अग्निशामकाचे सिलिंडर भरणाऱ्याकडून नको. सायफनची बाटली वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: लिटरभर पाण्याला कार्बन डायऑक्साइडची ८ ग्रॅमची एक कार्ट्रिज (वायूची छोटी नळकांडी) लागते, पण क्रीम फेटण्याची नायट्रस ऑक्साइडची कार्ट्रिजही अगदी तशीच दिसते. वरचे नाव वाचल्याशिवाय लावू नये.

आता आंबट. १०० ग्रॅम आमसुले ५०० मिलिलिटर कोमट पाण्यात चार तास भिजवावीत. उकळते पाणी नको, रंग विटतो आणि चव शिजल्यासारखी लागते. हाताने कुस्करून मलमलीतून गाळावे. शेवटी फडके पिळू नये, कारण त्यातून बारीक गर येतो आणि तोच पुढे सोड्याचा फेस करतो. साधारण ४०० मिलिलिटर अर्क निघतो. त्यात १०० ग्रॅम साखर, आणि चव पाहून मगच मीठ. कोकमाला सुकवताना मीठ लावलेले असू शकते आणि आगळ वापरत असाल तर ते खारटच असते, त्यात मीठ मुळीच नको. जिरे भाजून अख्खेच अर्धा तास भिजवून काढून घ्यावे, पूड घालू नये. भांडे स्टीलचे किंवा काचेचे हवे. अल्युमिनियम किंवा कल्हई उडालेल्या पितळेत कोकम ठेवले तर आम्ल धातू खाते. ४० मिलिलिटर अर्काला १६० मिलिलिटर सोडा, पेल्यामागे साखर सुमारे ९ ग्रॅम. नेहमीच्या कोकम सरबतात साखर भरपूर असते, ती टिकण्यासाठी. इथे ती कमी आहे, म्हणून हा अर्क फ्रिजमध्ये ठेवून पाच दिवसांत संपवावा.

तुरटपणासाठी चहा. मोठ्या पानाचा चहा ८ ग्रॅम, ५०० मिलिलिटर थंड पाण्यात, फ्रिजमध्ये रात्रभर. गरम केलेला चहा थंड झाला की गढूळ होतो, कारण त्यातली टॅनिन आणि कॅफिन एकत्र येऊन साका धरतात. थंड पाण्यात भिजवलेला चहा नितळ राहतो. रोजचा दाणेदार सीटीसी चहा इथे चालत नाही, तो फार काळा आणि जड होतो. ६० मिलिलिटर चहा, २० मिलिलिटर कोकमाचा अर्क आणि १२० मिलिलिटर सोडा हे मिश्रण आमच्या मते सर्वांत यशस्वी आहे. त्याचा रंग गडद माणकासारखा दिसतो, जिभेच्या कडा आवळतात आणि पेला सावकाश संपतो. झोप हलकी असणाऱ्यांनी तो रात्री नवानंतर टाळावा.

कडवटपणासाठी संत्र्याची किंवा पपनसाची साल. १५ ग्रॅम ताजी साल, पांढरा भाग थोडा ठेवून, २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात झाकून दहा मिनिटे. अर्धा तास ठेवली तर कडू घशाशी रेंगाळते. आणखी कडू हवे असेल तर त्याच पाण्यात काडेचिराईत एक ग्रॅम, पाच मिनिटे, त्याहून एक मिनिट जास्त नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी काडेचिराईत वगळावे, सालीवर भागवावे. हे पाणी पेल्याला १५ मिलिलिटर पुरते.

झणका आल्याचा. ५० ग्रॅम आले किसून फडक्यात पिळले की साधारण २५ मिलिलिटर रस निघतो. तो वाटीत वीस मिनिटे तसाच ठेवावा, तळाशी पांढरा साका बसतो. तो आल्याचा स्टार्च. वरचा पिवळसर नितळ रस अलगद ओतून घ्यावा आणि साका टाकून द्यावा. तो गरम पाकात गेला तर पाक खळीसारखा घट्ट होतो. पेल्याला ५ मिलिलिटर रस पुरतो. ज्यांना दारूचा घशातला चटका हवाहवासा वाटतो, त्यांना आठ मिलिलिटर द्यावा.

पन्ह्यात मात्र सोडा घालू नये. कैरीच्या गरातल्या पेक्टिनने फेसाचा डोंगर होतो आणि गुळाची चव सोड्यात पातळ पडते. पन्हे तसेच प्यावे.

अलीकडे घरी आल्याचे 'नैसर्गिक' आंबवलेले पेय करण्याची हौस वाढली आहे, त्यात दोन धोके आहेत. ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात साखर, आले आणि यीस्ट यांची बंद बाटली एका दिवसातही धोक्याच्या दाबाला पोहोचू शकते आणि काचेची असेल तर फुटते. प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत करावे, दर काही तासांनी दाबून पाहावी, कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. दुसरे म्हणजे त्यात दारू तयार होतेच. एफएसएसएआयच्या नियमांत ०.५ टक्क्याच्या वर दारू असलेले पेय मद्य ठरते आणि घरची बाटली ही रेषा सहज ओलांडते. दारू पूर्ण सोडलेल्या माणसाच्या हाती ती देऊ नये. 'नॉन-अल्कोहोलिक' बिअरचेही लेबल पाहावे. ०.० लिहिलेली आणि ०.५ पर्यंतची, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काहींना बिअरच्या नुसत्या वासानेही ओढ लागते, त्यांनी दोन्हीपासून दूर राहिलेले बरे.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू तोडून कोकम सोडा हाती घ्यावा असे आम्ही सुचवत नाही. अशा माणसाला दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट्स येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टर गाठावा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे काम करते आहे, तिथे विचारायला संकोच करू नये. वर लिहिलेले सगळे आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी पिणाऱ्यांसाठी आणि ज्यांना त्याही कमी करायच्या आहेत त्यांच्यासाठी आहे.

शेवटी हॉटेलचालकांना एक विनंती. या शहराला सोड्याचे वावडे कधीच नव्हते, कॅम्पातल्या अर्देशीरची रास्पबेरी आणि जिंजर १८८४ पासून चालत आली आहे. पण आजच्या परमिट रूमच्या आणि रूफटॉपच्या मेन्यूकार्डावर दारूच्या पन्नास ओळी आणि बिनदारूच्या चार, त्याही सिरपच्या. तिथे कोकम-चहा, संत्रासाल-आले अशी दोन-तीन कडवट पेये ठेवावीत, अर्क सकाळी करून ठेवले तर गर्दीच्या वेळी पेला भरायला मिनिटही लागत नाही. ती उंच ग्लासात छत्री लावून देऊ नका, ज्या जाड बुडाच्या ग्लासात व्हिस्की देता त्यातच द्या, म्हणजे टेबलावर न पिणारा वेगळा दिसत नाही. दहा वा अधिक शाखांच्या साखळी हॉटेलांना २०२२ पासून पदार्थांच्या कॅलरी मेन्यूवर छापाव्या लागतात. शाखा एक असो की दहा, प्रत्येक बिनदारूच्या पेयापुढे साखर किती ग्रॅम हे छापावे. आणि जो गाडी चालवत घरी जाणार आहे, त्याला यातला पहिला पेला निम्म्या किमतीत द्यावा.

आपले,
पेयनिर्मितीच्या तंत्रात काम करणारे दोन वाचक,
कोथरूड, पुणे